तिसरा पुकारा

"ठकूबाई कोम किसन, राहणार खर्डा, हाजिर हाय काऽ?"

कचेरीच्या ओट्यावर उभा राहून तू ओरडत होतास, शांतवन, आणि मी समोरच्या लिंबाखाली माझ्या अर्जनविशीच्या पेटीवर कोपर टेकून ऐकत होतो. तुझ्या पहिल्या पुकाऱ्याला कचेरीच्या कौलांवरची कबुतरं उडायची. दुसऱ्याला नदीवर धुणं धुणाऱ्या बाया हातातलं लुगडं पाण्यात सोडून "आले, आले" म्हणायच्या. आणि तिसऱ्याला, कुणाच्याही गळ्याची शपथ घालून सांगतो, मसणवट्यातली माणसं कूस बदलायची. त्यातल्या एकाचा तर माझ्याकडे अर्ज आला होता की झोपमोड होते.

पण तिसरा पुकारा तू कधी लगेच दिला नाहीस. दोन झाले की ओट्यावरून उतरायचास, फाटकापर्यंत जायचास, कपाळावर हात धरून खर्ड्याच्या रस्त्याकडे बघायचास. मग उगीच पाणी प्यायचास. उगीच पटका सोडून बांधायचास. आतून मामलेदारसाहेब खेकसले तरी तुझं ठरलेलं उत्तर होतं: "म्हातारं मानूस असंल साहेब, चालत येत असंल." तेवढ्यात खरोखरच कुणीतरी धापा टाकत यायचं, आणि तू त्याच्याकडे न बघता शेवटची आरोळी ठोकायचास, जसं काही त्यानं ऐकूनच धाव घेतली.

त्या दिवशी कुणी आलं नाही. तू तिसऱ्यांदा ओरडलास, थांबलास, आणि आत साहेबांनी तो एक शब्द लिहिला. एकतर्फी. ठकूबाईच्या शेताला जाणारी गाडीवाट तिच्या शेजाऱ्याच्या, तात्याच्या, म्हणण्याप्रमाणे बंद झाली. तात्या बाहेर आला, माझ्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, "बापू, तुमच्या हाताला सोन्याचं कडं घातलं पायजे." मी हसलो. तू ओट्यावर पटका हातात घेऊन उभा होतास आणि माझ्याकडे बघत होतास.

तुला पुरून आज नऊ दिवस झाले. जन्म कधी, बाप्तिस्मा कधी, नोकरी किती वर्षं, ते मिशनच्या दप्तरात पाद्रीबाबांनी नीट लिहून ठेवलं आहे. मी ते लिहायला बसलो तर तुझी नोकरी शंभर वर्षांची होईल आणि उंची आठ फुटांची. मी तुला पत्र लिहितोय असं समज. पोचवायला शिपाई नाही, हीच अडचण. असलं पत्र पोचवणारा एकच माणूस होता, तो तू.

समन्स हातात द्यायचं, हा तुझा हट्ट. तालुक्यातली निम्मी माणसं तुझ्या हातून कागद घ्यायला तयार नसायची. "ठेव तिथं उंबऱ्याशी," म्हणायची. तू ख्रिस्ती झालास, शाळा शिकलास, सरकारचा पट्टा छातीवर लावलास, तरी तुझ्या आज्याची जात त्यांना पाठ होती. तू शांतपणे म्हणायचास, "सरकारचा कागद मी भुईवर ठेवीत न्हाई." आणि दारात उभा राहायचास. ऊन असो, वारा असो. शेवटी घरातलं कुणीतरी नाइलाजानं हात पुढे करायचं. मग तू तो कागद त्यांना वाचून दाखवायचास, आणि वरून विचारायचास, "आता तुमी सांगा बरं, यात काय लिवलंय?" मास्तर पोराकडून धडा म्हणून घेतो तसं. तेव्हा कुठं अंगठा.

तो चिंचेवर चढून बसलेला आठवतो? समन्स चुकवायला झाडावर गेला आणि तू खाली बसलास. मी ही गोष्ट सांगतो तेव्हा तू तीन दिवस बसतोस, झाडावर माकडं त्याच्याशी नातं जोडतात, आणि चौथ्या दिवशी तो पिकल्या चिंचेसारखा टपकतो. खरं म्हणजे दुपार ते दिवस मावळेपर्यंत. पण तो खाली आला तेव्हा तू आधी त्याला आपली भाकरी दिलीस आणि मग कागद, एवढं मात्र मी वाढवलेलं नाही. त्यानं भाकरी घेतली का, हे मी तुला कधी विचारलं नाही.

आपला चहाही आठवतो. हॉटेलातून माझा कप बशीसकट यायचा. तुझा, कान तुटलेला, मागच्या भिंतीच्या कोनाड्यात असायचा. तो तूच आणायचास, तूच धुऊन ठेवायचास. इतकी वर्षं मी तुझ्याशेजारी बसून चहा प्यालो आणि त्या कपाबद्दल चकार शब्द काढला नाही. मी गावभर बोलतो, पण बोलायच्या जागी माझी जीभ टाळ्याला चिकटते.

चहावर आपलं भांडण ठरलेलं. मी म्हणायचो, ज्याचा गुन्हा सूर्यासारखा उघडा आहे त्याला बोलवायचं कशाला? आठ-आठ कोस तंगडतोड करायची, त्यानं येऊन दोन खोटी वाक्यं बोलायची, आणि शेवटी हुकूम तोच. तू बशीविना चहा फुंकत म्हणायचास, "बापू, तुमच्या अर्जात तर रोजच सूर्य उगवतो." मग जरा थांबून, "हारणारा बी बोलला पायजे. बोलून हारला तर घरी जाऊन झोपतो. न बोलता हारला तर जलमभर जागा ऱ्हातो."

मी म्हणालो होतो, हे तुमच्या पाद्र्यानं शिकवलं. तू म्हणालास, न्हाई, समन्सं वाटून कळलं.

आता ठकूबाईचं सांगतो. तुला ठाऊक आहे, पण माझ्या तोंडून तू कधी ऐकलं नाहीस.

तात्या माझ्याकडे आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. नवरा किसन वारल्यावर ठकूबाई एकटीनं शेत करत होती. ज्वारी पेरायची, कुलूप लावायचं आणि दिराच्या माणसांबरोबर राहात्याच्या बाजूला ऊस तोडायला जायची. रास करायला तेवढी मध्ये यायची, पुन्हा जायची. तिच्या शेताची वाट तात्याच्या बांधावरून. तिची गाडी तिथून वर्षातून चार वेळा जायची, एका बैलाचा पाय लंगडा. मी अर्जात लिहिलं, "गाड्यांचा तांडा". लिहिलं, "उभे पीक तुडवून जमीनदोस्त". लिहिलं, "सदर स्त्री दांडगी असून अर्जदारास जिवाची धास्ती आहे". तात्याला, अरे, त्या रेड्याला! लिहिताना मला इतकं हसू येत होतं की शाई सांडली. कला म्हणतात ती हीच, असं मला वाटत होतं.

त्याच सुमारास साहेबांचा मुक्काम खर्ड्याला पडला, किल्ल्याजवळ, डेऱ्यात. तात्या रोज सकाळी दुधाची चरवी घेऊन हजर. साहेब दाढी करायचे आणि तात्या शेजारी उकिडवा बसून आपलं गाऱ्हाणं सांगायचा. प्रकरण सुरू व्हायच्या आधीच प्रकरण संपत आलं होतं. तू बाहेर डेऱ्याच्या दोरीपाशी उभा होतास. परत आल्यावर म्हणालास, "बापू, साहेबाच्या एका कानात तात्या रोज दूध वततोय. दुसरा कान कोरडाच हाय." मी म्हणालो, तू खोकलास का नाहीस? तू म्हणालास, "खोकलो की. लई खोकलो. साहेबानं काढा घ्याया सांगितला."

मग समन्स निघालं आणि तू ठकूबाईच्या घरी गेलास. कुलूप. कायद्यानं तिथंच दारावर चिकटवून, दोन पंचांच्या सह्या घेऊन मोकळं होता आलं असतं. सगळे शिपाई तेच करायचे. तू कागद तसाच परत आणलास आणि लिंबाखाली येऊन मला म्हणालास की राहात्याकडे जाऊन फडाफडात शोधतो, आठवडा लागेल, तारखेआधी तिला कागद मिळालाच पाहिजे. साहेबांकडून रजा मागायचा अर्ज लिहून द्या.

शांतवन, मी तेव्हा म्हणालो, "राहात्याला कशाला? ती यंदा उसाला गेलीच नाही. मोगलाईत भावाकडे गेलीय. हद्दीपलीकडे."

खर्ड्यापासून मोगलाई हाकेच्या अंतरावर. पलीकडे निजामाचं राज्य, आपल्या कचेरीचा कागद तिथं चालायचा नाही. त्यामुळे थाप अगदी चोख बसली. माझ्या आयुष्यातल्या हजार थापांतली ती सगळ्यात लहान. हत्ती नाही, वाघ नाही, मसणवट्यातली माणसं नाहीत. एक बाई भावाकडे गेली, एवढंच. आणि तू, जो माझी प्रत्येक गोष्ट चारानं भागून घ्यायचास, ती अख्खी घेतलीस. तू विचारलंस, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की."

का सांगितलं? इतकी वर्षं मी यावर नाना कारणं रचली. तात्याचा दबाव होता, असं एकदा स्वतःला सांगून पाहिलं. नव्हता. त्यानं हुरड्याला बोलावलं होतं, तेवढंच. खरं असं की माझा अर्ज मला फार आवडला होता. ती बाई आली असती, लंगडा बैल फाटकाशी उभा केला असता, तर माझा गाड्यांचा तांडा भर कचेरीत मेला असता. एका बाईची वाट होती. मला वाटलं, जाईल की वळसा घालून.

तू पुन्हा खर्ड्याला गेलास, दारावर कागद डकवलास. अहवाल मीच लिहून दिला: "शोध घेतला असता प्रतिवादी मोगलाईत गेल्याचे समजले." खाली तुझी सही. तुझं अक्षर माझ्याहून चांगलं होतं.

माघात ती मजुरीवर माणूस घेऊन ज्वारी काढायला आली तर वाटेवर बाभळीच्या काटेरी फेसाट्या, आणि दारावर वाळून पिवळा पडलेला एक कागद, अर्धा शेळीनं खाल्लेला. वाचणारं कुणी नव्हतं. कचेरीत येऊन तिनं आरडाओरडा केला नाही. ओट्याच्या पायरीवर बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारत राहिली, "मला कवा बोलावलं?" कारकून म्हणाला, बोलावलं होतं, तीन वेळा. ती म्हणाली, "मी फडात हुते. तितं आरोळी आली न्हाई."

तू तिच्याशेजारी पायरीवर बसलास. सरकारी पट्ट्यासकट. मग उठून लिंबाखाली आलास आणि विचारलंस, "बापू, मोगलाईचं तुमाला कुनी सांगितलं हुतं?"

मी म्हणालो, एक उंटवाला होता. आणि मग त्या उंटवाल्याला मी दाढी दिली, बीडला बायको दिली, एका डोळ्यात फूल दिलं. तू सगळं ऐकून घेतलंस. मला वाटलं, पटलं.

तिच्या त्या वर्षीच्या ज्वारीला बाहेर यायला वाट मिळाली नाही. डोक्यावर आणवेल तेवढी तिनं ओढ्याच्या कडेनं आणली, बाकीची पाखरांनी खाल्ली. तूच तिला फेरतपासणीचा अर्ज लिहून दिलास. मुदत होऊन गेली होती, पण तू त्यात लिहिलंस, "समन्स बजावण्यात माझी, शिपायाची, कसूर झाली." स्वतःच्या हातानं. साहेबांनी तारीख दिली. आदल्या दिवशी तू माझ्या घरी आलास. आत बोलावलं तरी आला नाहीस, तुळशीपाशी उभा राहिलास आणि म्हणालास, "बापू, उद्या कचेरीत आत या. नुसते या. मग बोलायचं का न्हाई ते तुमचं तुमी ठरवा."

मी पहाटेच्या मोटारीनं नगरला गेलो. दाढ दुखत होती. परत येऊन मी सगळ्यांना सांगितलं की ती दाढ उपटायला तीन माणसं आणि एक दोरखंड लागला. माझ्या सगळ्या दाढा अजून जागेवर आहेत.

त्या दिवशी आत काय झालं ते मला कारकुनानं सांगितलं. साहेबांनी तुला विचारलं, मोगलाईचं कोण बोललं? तू नाव सांगितलं नाहीस. साहेब म्हणाले, म्हणजे कुणी नाहीच, अहवाल खोटा. पण बाई, कागद दारावर लागला होता आणि मुदत गेली आहे, हुकूम कायम. मी सुटकेचा श्वास सोडला, हेही लिहितो. वाटलं, उंटवाल्यानं वाचवलं.

पुढच्या आठवड्यात तुला कामावरून कमी केल्याचा हुकूम निघाला. तुला एक शब्द विचारला नाही. आणि तो कागद घेऊन जो नवा शिपाई आला, त्यानं तुझ्या दारात तो भुईवर ठेवला आणि चार पावलं मागं सरकून उभा राहिला. मी तिथं होतो. तू वाकलास, कागद उचललास, त्यावरची माती झटकलीस, आणि सगळा मोठ्यानं वाचलास. मग त्या पोरगेल्या शिपायाला म्हणालास, "समजलं मला. अंगठा का सही?" मार्थावहिनी आत भांडी घासत होत्या, तो आवाज थांबला होता.

त्यानंतर तू मिशनच्या शाळेची घंटा वाजवायला लागलास. तिथंही तू तिसरी घंटा उशिरा द्यायचास, पोरं मजेत यायची.

गेल्या महिन्यात तुझा आवाज गेला. देवाला दुसरं काही न्यायला नव्हतं. नगरच्या डॉक्टरानं गळ्यात गाठ आहे म्हणून परत पाठवलं, आणि ज्याच्या आरोळीनं कबुतरं उडायची त्याच्या तोंडाशी कान नेल्याशिवाय शब्द कळेना. शेवटच्या रविवारी मी आलो. भादव्यात मोगलाई बुडाली, निजाम गेला, हद्दीवरचं नाकं उठलं, ते सगळं रंगवून सांगत होतो. तू माझं मनगट धरलंस. मी कान खाली नेला. तू म्हणालास, "बापू... काई सांगायचं हाय?"

मी म्हणालो, हो, आणि चिंचेची गोष्ट सांगितली. माकडांसकट. तू हसलास. हसताना तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते मी हसण्याचंच धरलं. तू बराच वेळ मनगट सोडलं नाहीस, फाटकाशी उभा राहून रस्त्याकडे बघायचास तसा बघत राहिलास. मग सोडलंस. बुधवारी तू गेलास.

मोगलाई उरली नाही, माझी थाप तेवढी उरली.

तुझ्या मातीला ठकूबाई आली होती, आठ कोस चालत. कडेला उभी राहिली, मूठभर माती टाकली, माझ्याकडे न बघता निघून गेली. काल मी खर्ड्याला गेलो. बरोबर अर्ज नेला, नव्या साहेबांच्या नावचा, रात्रभर जागून लिहिलेला. त्यात तांडा नाही, धास्ती नाही. एक गाडी, एक लंगडा बैल, आणि समन्सच्या शिपायास खोटी माहिती देणारा इसम म्हणून माझं नाव, बापाच्या नावासकट. इतका कोरडा अर्ज मी आजवर लिहिला नव्हता.

ती अंगणात वाळवण राखत बसली होती. मी तुझ्यासारखं केलं. कागद तिच्या हातात दिला, मग परत मागून घेऊन शेवटपर्यंत वाचला, आणि म्हणालो, मोगलाईचं मी सांगितलं होतं. शांतवनला मी फसवलं. उंटवाला कुणी नव्हता.

तिनं कावळा हाकलला. म्हणाली, "ठावं हाय."

मी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"शांतूदादांनी. तवाच."

मग तुम्ही साहेबांसमोर का नाही बोललात, बाई? नुसतं माझं नाव घेतलं असतं, मला खेचून आणलं असतं, तुमची वाट मोकळी झाली असती, त्याची नोकरी राहिली असती. माझा आवाज चढला होता. जशी काही चूक तिचीच.

ती वाळवणावरची माती निवडत राहिली.

"मी बोलनार हुते. दादांनी हात धरला. साहेबास्नी म्हनले, म्होरली तारीख द्या, त्या मानसाला हजर करतो, त्याच्या म्होरंच नाव सांगतो. साहेब न्हाई म्हनले, येळ न्हाई." तिनं एक खडा बाजूला टाकला. "मग दादा मला म्हनले, ऱ्हाऊ दे. बापू हजर न्हाईत."